तात्यांच्या रिपोर्टमधली खालची ओळ

रुग्ण पुरुष, वय ५२. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार, राहणार कोपरखैरणे, मूळ गाव पाटण तालुक्यात. टोळीत आणि आमच्या गल्लीतही त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून इथेही तात्याच. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

मी फॅमिली डॉक्टर. पोटाचा तज्ज्ञ नाही, जनुकांचा तर नाहीच. तरीही हे प्रकरण लिहायला घेतलं, कारण त्यात एका जंतूच्या जनुकांमधले दोन फरक समोर आले. घरच्यांना एकाची धास्ती बसली आणि उपचार अडला होता दुसऱ्यापाशी. शिवाय त्यात एक चूक माझीही आहे.

तक्रार

"पोटात नुसती आग पडतीय डॉक्टर, पण चार घास खाल्लं की गप."

अर्धं निदान या वाक्यातच होतं. जठरातल्या व्रणाला खाल्ल्यावर त्रास होतो, लहान आतड्याच्या तोंडाशी, म्हणजे ड्युओडेनममध्ये, व्रण असेल तर रिकाम्या पोटी, असा जुना ठोकताळा आहे. तो नेहमी खरा ठरत नाही, तात्यांच्या बाबतीत ठरला. रात्री दोनच्या सुमाराला दुखून जाग यायची. पहाटे मार्केटला निघताना नाक्यावर चहा-खारी घेतली की दुखणं शांत व्हायचं. दहा-अकराला पुन्हा सुरू.

हे आठ-नऊ महिने चाललं होतं. मधल्या काळात त्यांनी मेडिकलवाल्याला विचारून रोज सकाळी पँटोप्रॅझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी सुरू केली होती. ती घेतली की दिवस निघायचा. आणि कंबरेसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, जवळजवळ रोज. तीस वर्षं पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला कंबर दुखते म्हणून आराम करा असं सांगायला मला तरी तोंड नाही. गाडी खाली झाली नाही तर टोळीची मजुरी नाही, इतका सरळ हिशोब. तंबाखूची सवय होती. दारू नाही; तात्या माळकरी.

माझ्याकडे ते पोटासाठी आलेच नव्हते. गाळ्यावर गोणी उचलताना गरगरलं, म्हणून टोळीतल्या दोघांनी धरून आणलं. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरट. संडासचा रंग विचारला.

"काळी होतीय चार दिवस. डांबरागत. म्हटलं उष्णता असंल."

काळी, चिकट, उग्र वासाची संडास म्हणजे वरच्या आतड्यात रक्त सांडून पचलेलं असतं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. त्याच दिवशी दाखल केलं. दुर्बिणीत ड्युओडेनमच्या सुरुवातीलाच साधारण एक सेंटिमीटरचा व्रण दिसला, तळ स्वच्छ, रक्त थांबलेलं. डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलं होतं वेदनाशामक गोळ्या, आणि पुढे "हेलिकोबॅक्टर: निगेटिव्ह".

पिवळा राहिलेला थेंब

हे निगेटिव्ह कशावरून? दुर्बिणीतून जठराचा कणभर तुकडा घेतात आणि युरिया घातलेल्या जेलमध्ये टाकतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर बनवतो. युरिया फोडून अमोनिया तयार करायचा आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारायचं, ही त्याची आम्लात तगून राहण्याची युक्ती. अमोनिया सुटला की जेल पिवळ्याचं गुलाबी होतं. तात्यांचं पिवळंच राहिलं.

पण तपासणीच्या दिवशी सकाळपर्यंत ते पँटोप्रॅझोल घेत होते. ही गोळी चालू असली की जंतूंची संख्या घटते आणि चाचणी फसते. आधी निदान दोन आठवडे ती बंद हवी. नुकता रक्तस्राव झालेला असला तरीही ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. इथे दोन्ही कारणं होती. आठवड्याने पॅथॉलॉजीचा कागद आला. खास रंग देऊन पाहिलेल्या तुकड्यात जंतू होते. जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, सूज ठळक. वरच्या भागात किरकोळ. अस्तर झिजलेलं नाही, आणि जठराच्या अस्तराचं आतड्यासारख्या अस्तरात रूपांतर झालेलं नाही. या दोन "नाही" पुढे फार कामाला आल्या.

जुनी मंडळी अजूनही म्हणतात, अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो. वैद्यकाचंही बराच काळ तेच म्हणणं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. बॅरी मार्शल यांना ते प्रयोगशाळेत वाढवायचे होते, पण जमेना. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तो मुळात सावकाश वाढणारा निघाला. तरी लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचा गढूळ पेला स्वतःच पिऊन टाकला आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. सुट्ट्यांचे असेही उपयोग असतात.

माझं पहिलं प्रिस्क्रिप्शन

डायक्लोफिनॅक बंद केलं आणि नेहमीची तिहेरी चिठ्ठी लिहिली: क्लॅरिथ्रोमायसिन, अॅमॉक्सिसिलिन आणि आम्ल कमी करणारी गोळी, दिवसातून दोनदा, १४ दिवस. तोंड कडू पडतं म्हणून तात्या कुरकुरले, पण एकही डोस चुकला नाही. वहिनींनी रिकाम्या पट्ट्या पिशवीत भरून माझ्यासमोर ओतल्या, मोजा म्हणाल्या.

कोर्स संपल्यावर सहा आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची युरिया चाचणी केली. पॉझिटिव्ह. रात्रीचं दुखणंही परत आलं होतं.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: मागच्या दोन वर्षांत दुसरी कुठली अँटिबायोटिक झाली का? कांद्याची टरफलं आणि धूळ, त्यात पावसाळा. तात्यांना दरवर्षी खोकला धरतो. मेडिकलमधून "ते तीन दिवसांचं" आणायचं. वहिनींनी डब्यातून पट्टी काढून दाखवली. अॅझिथ्रोमायसिन, दोन वर्षांत चार-पाच वेळा. अॅझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच घराण्यातली औषधं. खोकल्यासाठी घेतलेल्या प्रत्येक कोर्समध्ये जठरातल्या जंतूलाही त्याची चव मिळत होती. जे मरण्याजोगे ते मरत होते आणि न मरणारे मागे उरत होते. मी दोन मिनिटं घालवून हे विचारलं असतं, तर ती चिठ्ठी लिहिलीच नसती.

पुन्हा दुर्बीण झाली. या वेळी तुकडे जनुकीय तपासणीसाठीही पाठवले. ऐरोलीला आयटीत नोकरी करणारा तात्यांचा मुलगा म्हणाला, जे काय असेल ते सगळंच तपासू या. प्रयोगशाळेने खरोखरच सगळं तपासलं.

लाल रेघ

रिपोर्ट घेऊन मुलगा एकटाच आला. एका ओळीखाली लाल पेनने दोन रेघा होत्या: कॅग-ए पॉझिटिव्ह, व्हॅक-ए एस-१ एम-१.

"डॉक्टर, मी रात्रभर वाचलंय. हे कॅन्सरवालं जीन आहे ना? तात्यांना अजून काही सांगितलेलं नाही."

त्याने वाचलं ते खोटं नव्हतं. कॅग-ए ज्या तुकड्यात असतं, तो डीएनएच्या सुमारे ४० हजार अक्षरांचा जनुकांचा पट्टा या जंतूने कधीकाळी दुसरीकडून उचललेला आहे; त्याची अक्षरांची ठेवणच बाकीच्या जनुकसंचाहून वेगळी आहे. त्या पट्ट्यातून जंतू एक सुईसारखं यंत्र बनवतो आणि कॅग-ए प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतो. आत गेल्यावर पेशीची वाढ, तिचा आकार, शेजारच्या पेशींची पकड, सगळ्यात ढवळाढवळ होते. व्हॅक-ए हे वेगळं विष. त्याचं जनुक सगळ्याच जंतूंत असतं, पण घडण निरनिराळी: एस-२ घडणीचं जवळजवळ निरुपद्रवी, एस-१ एम-१ सगळ्यात जहाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच हा जंतू कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकला. हे सगळं इंटरनेटवर आहे आणि बरोबर आहे.

पण त्यातलं बरंच काही युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आलेलं आहे. तिथल्या जंतूंपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात कॅग-ए नसतंच. म्हणून "आहे" आणि "नाही" असे दोन गट पडतात, त्यांची तुलना होते आणि "आहे" वाल्यांत व्रण आणि कॅन्सर जास्त सापडतात. आपल्याकडे तशी विभागणीच होत नाही. कोलकात्यातल्या अभ्यासांत अल्सरचे रुग्ण आणि अल्सर नसलेले लोक, दोघांच्याही बहुतेक जंतूंत कॅग-ए मिळालं, आणि व्हॅक-एची एस-१ घडणही. ज्यांचं पोट आयुष्यात कधी दुखलं नाही त्यांच्यातसुद्धा. मुलाला म्हटलं, मार्केटात येणारी प्रत्येक गाडी कांद्याचीच असेल, तर "गाडीत कांदा आहे" यावरून कुठली गाडी उलटेल ते कसं सांगणार? तो हसला नाही, पण लाल पेनचं टोपण लावलं.

कॅग-ए आहे म्हणून सगळं एकसारखं असंही नाही. त्या प्रथिनाच्या शेपटाकडे "एपिया" नावाची छोटी अक्षरमाला पुन्हापुन्हा येते. जपान, कोरिया, चीनकडच्या जंतूंत तिचा "डी" प्रकार असतो. तो पेशीतल्या एका विकराला फार घट्ट धरतो. पाश्चात्त्य जंतूंत "सी" प्रकार, पकड सैल. पूर्व आशियात जठराचा कॅन्सर जास्त असण्याचं एक कारण इथे शोधतात. हे एकच कारण; मीठ, धूर, तंबाखू, माणसाची स्वतःची जनुकं ही बाकीची आहेतच. भारतातही जंतू सगळीकडे आहे, पण जठराच्या कॅन्सरचं सर्वाधिक प्रमाण मिझोरममध्ये. तिथे धुरावलेलं अन्न आणि तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरण्याची रीत यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवतात. तात्यांना तंबाखू सोडायला मी वर्षानुवर्षं सांगत आलो, आता त्यांच्या मुलाकडे त्यासाठी आणखी एक मुद्दा आला, एवढा या माहितीचा घरगुती फायदा.

आणि मग त्या दोन "नाही". जंतू अँट्रममध्ये मुक्काम करतो तेव्हा तिथली सूज आम्लाचा लगाम सैल करते. गॅस्ट्रिन हे आम्ल पाझरवणारं संप्रेरक वाढतं, आम्ल जास्त पाझरतं आणि ते पुढे ड्युओडेनमला खातं. हा तात्यांचा मार्ग. तोच जंतू जठराच्या वरच्या भागात पसरला तर आम्ल बनवणाऱ्या पेशीच झिजतात, आम्ल घटतं, अस्तर पातळ होतं, आतड्यासारखं होऊ लागतं, आणि कॅन्सरची वाट त्या बाजूने जाते. म्हणूनच ड्युओडेनमचा व्रण झालेल्यांना जठराचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी होतो. जंतू तोच, वाट वेगळी. तात्यांचं अस्तर शाबूत आहे हे पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिलं होतं. मुलाने त्या कागदाची घडीही उलगडली नव्हती; त्यात लाल रेघ मारावं असं काही नव्हतं ना.

खालची ओळ

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: २३-एस जनुकात २१४३ क्रमांकाच्या जागी "ए"ऐवजी "जी".

या जंतूचा पूर्ण जनुकसंच पहिल्यांदा १९९७ मध्ये वाचला गेला, सुमारे १६ लाख ७० हजार अक्षरांचा. त्यातल्या एका जागी एक अक्षर बदललेलं. हे २३-एस जनुक जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा एक भाग घडवतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिन त्या यंत्राला नेमकं त्याच जागी चिकटतं. अक्षर बदललं की औषधाला धरायला जागा उरत नाही. तात्यांनी १४ दिवस तोंड कडू करून जे गिळलं, त्यातलं एक औषध त्या जंतूपुरतं पाणी होतं.

मुलाने विचारलं, "एवढे बदल होतात कसे याच्यात?" या जंतूकडे नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी नेहमीची यंत्रणा अपुरी आहे. वर एकाच पोटात दोन वेगळे जंतू भेटले की ते एकमेकांच्या जनुकांचे तुकडे सर्रास उचलतात. १९९९ मध्ये दुसऱ्या एका रुग्णाचा जंतू वाचून पहिल्याशी ताडला, तर प्रत्येकात ६-७ टक्के जनुकं अशी निघाली की ती दुसऱ्यात नाहीतच. एकाच माणसाच्या अँट्रममधला जंतू आणि वरच्या भागातला जंतू यांतही फरक सापडतो. म्हणून एका तुकड्यावरून आलेला "औषध लागू पडेल" हा निकाल मी थोड्या संशयाने घेतो. "लागू पडणार नाही" हा मात्र मुकाट्याने.

तरी इतक्या उलथापालथीत घराण्याची खूण टिकते. जंतू बहुधा लहानपणी, घरातल्या घरात येतो. आईने चावून भरवलेला घास, एकच तांब्या. त्यामुळे माणसं जिथून जिथे गेली त्याचा माग त्यांच्या पोटातल्या जंतूंत राहतो. २००३ मध्ये जगभरचे जंतू ताडून संशोधकांनी मानवी स्थलांतरांचा नकाशाच मांडला. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातल्या जंतूचा जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो आजच्या युरोपीय जंतूंपेक्षा आशियाई घराण्याच्या जवळचा निघाला. तात्यांचा जंतू नवी मुंबईत आला तो कोयनाकाठच्या चुलीपासूनच असणार. हे ऐकून मुलगा पहिल्यांदा मोकळा झाला. म्हणाला, "म्हणजे भावकीतलाच."

दुसरा कोर्स

क्लॅरिथ्रोमायसिन बाद. बिस्मथ धरून चार औषधांचा कोर्स ठरला: आम्लाची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल, १४ दिवस. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू आपल्याकडे भरपूर आहेत, पण मोठा डोस आणि सोबत बिस्मथ असेल तर ते बरंचसं निभावतं.

कागदावर सोपं दिसतं. मुळात टेट्रासायक्लिन मिळेना. मुलाने कोपरखैरणे, घणसोली पालथी घातली, शेवटी ठाण्याला मिळालं. मग दिवसातून चार वेळा म्हणजे कधी? "सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र" हे ऑफिसवाल्यांचं वेळापत्रक. तात्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुपारी ते झोपलेले असतात. चार डोस आम्ही त्यांच्या दिवसावर बसवले: निघण्यापूर्वी भाकरीबरोबर, मार्केटातल्या न्याहारीला, दुपारी उठल्यावर, रात्री जेवणानंतर. टेट्रासायक्लिनबरोबर दूध नको, म्हणून पहाटेचा दुधाचा चहा पुढे ढकलला, आणि याच गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद झाला. रक्तवाढीची लोहाची गोळीही ते औषध अडवते, तीही १४ दिवस बंद. मेट्रोनिडॅझोलबरोबर दारू चालत नाही, हे सांगायची वेळ तुळशीच्या माळेने आणली नाही.

बिस्मथने संडास काळी होते. ज्याला एकदा काळ्या संडासने दवाखान्यात नेलंय त्याला हे आधी सांगितलं नाही, तर तो तिसऱ्या दिवशी गोळ्या फेकून देईल. सांगितलं: काळी होईल, जीभही काळी पडेल, घाबरायचं नाही, पण चिकट, उग्र वासाची झाली किंवा गरगरलं तर लगेच फोन. सहाव्या दिवशी वहिनींचा फोन आलाच. काळी होती, पण घट्ट. तात्या तोवर कामावर गेलेही होते.

कंबरेसाठी पॅरासिटामॉल, पट्टा आणि फिजिओथेरपी. मुकादमाशी बोलून दोन महिने त्यांना तुलनेने हलकं काम मिळालं.

कोर्स संपून सहा आठवडे, आम्लाची गोळी बंद करून दोन, मग श्वासाची चाचणी: निगेटिव्ह. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६. रात्री झोप लागते. तंबाखू कमी झालीय असं तात्या म्हणतात; वहिनी त्यावर काही बोलत नाहीत.

मुलाने स्वतःची श्वासाची चाचणी करून घेतली. पॉझिटिव्ह आली, त्रास काही नाही. रिपोर्ट मोबाइलवर दाखवत म्हणाला, "याचं पण कॅग-ए बघू या का?" नको म्हटलं; आधी मागच्या दोन वर्षांत घेतलेली सगळी अँटिबायोटिक्स लिहून आण. त्याने दोन लिहून आणली. त्यातलं एक अॅझिथ्रोमायसिनच होतं, तात्यांच्याच डब्यातलं.

वहिनी अजून चाचणीला तयार नाहीत. "मला कुठं काय झालंय?" एवढंच त्यांचं म्हणणं.